ठिबक

टूसॉनच्या पूर्वेला डांबर संपतं
त्याच्याही पुढे दोन घरं आहेत. दुसरं माझं.
मग कोरडा ओढा, चोयाचे काटे,
आणि थेट डोंगरापर्यंत
कुणाच्याच सातबाऱ्यावर नसलेली जमीन.

गेल्या जूनमध्ये रोज सकाळी
लिंबाच्या आळ्यात चिखल असायचा.
काळी नळी, बोटाएवढी जाड,
तिच्यावर चार दातांची भोकं,
पंच मारल्यासारखी रेखीव.
कोल्हा काकडीला राजी; इथला नुसत्या पाण्याला.

जळगावला ठिबकच्या कारखान्यात
अकरा वर्षं मी नळ्यांची चाचणी घेतली.
दाब. ऊन. गळती.
एकदा उंदीरसुद्धा सोडले होते पिंजऱ्यात.
या दातांसाठी तक्ता नव्हता आमच्याकडे.

कायोटी.
कोल्हा म्हणावं तर पाय उंच,
लांडगा म्हणावं तर अंगावर मांस नाही.
भाऊ फोनवर हसला, तिकडे अजून खरी कोल्हेकुई?
आमच्याकडे ती पेपरातच उरलीय, विरोधकांची.
मी फोन खिडकीबाहेर धरला.
तिघंच होते, वाटत होते तीस.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, दार लावलंयस ना?

शेजारची डेल्फिना ओचोआ इथेच जन्मली, इथेच सत्तर झाली.
ती म्हणाली, पाणी ठेवू नकोस, पडलेली अंजिरं उचल.
माणसाशी ओळख झालेला कायोटी
फार दिवस जगत नाही.
दिसला की आवाज कर. मोठी हो.

मी मोठी झाले. पाच फूट एक इंच.
एका हातात ताट, दुसऱ्या हातात पळी,
ओढ्याच्या काठावर उभी राहून ओरडले, हाड! हाड!
तो वळला आणि गेला, घाई न करता.
इतक्या वर्षांत इथे
माझं मराठी इतकं पटकन कुणाला कळलं नव्हतं.

मार्चमध्ये मर्ल टॉलेफसनचा पीनट गेला.
साडेतीन किलोचा कुत्रा, लाल पट्टा.
खांबाखांबावर त्यानं कागद लावले.
पट्टा त्याला दुसऱ्याच दिवशी सापडला होता,
तरी कागदावर लिहिलं होतं, हरवला आहे.
काढून टाका असं त्याला कोण सांगणार.

एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यासाठी सह्या घेत दारोदार फिरला.
डेल्फिनानं दार उघडलं नाही.
मी उघडलं.
दाढी वाढली होती त्याची. खिशात तो पट्टा.
मी नाव लिहिलं. माझं आडनाव लांब आहे.
अर्ध्यावर पेन थांबलं.
मर्ल म्हणाला, चालेल, एवढंही चालेल.

मे महिन्यात पांढरी गाडी आली, दोनदा.
दुसऱ्यांदा मी दिवसभर पडदे ओढून
कपाट आवरत बसले.

आता रात्री एकच ओरडतो
आणि वाटतो एकच.
भावाला मी सांगितलेलं नाही.
तो विचारतो, ऐकव ना पुन्हा,
मी म्हणते, आज वारा आहे.

हा जून सुरू झाला. नळी शाबूत.
एकोणीस दिवस आळं गुळगुळीत, टापटीप,
मी ओल्या मातीवर उगाच वाकून बघायची.
विसाव्या दिवशी चिखल.
भोकं दोनच, बाजूला नुसता ओरखडा.
बारीक. दुधाचे दात असावेत.

डेल्फिनाचं सगळं मला पाठ आहे.
ती खरं बोलते, हेही माहीत आहे.
मी तेवढा तुकडा कापला, जोड बसवला,
चकती फिरवली.
कारखान्यात हे काम डोळे मिटून करायचे मी,
शेवटचा पीळ मनगटातून.

तो पीळ आज दिला नाही.

कुंपणाच्या बाजूला, निवडुंगाखाली,
दर चार सेकंदांनी एक थेंब.
चाचणीत ही नळी नापास झाली असती.
मी घड्याळ लावून दोनदा मोजलं,
आणि आत जाऊन
दार लावून घेतलं.