खालचा डेक

नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरशेजारी
माझं ऑफिस. पाटीवर जहाज आहे.
मी स्वतः जहाजात कधी पाय ठेवलेला नाही,
गोराईच्या फेरीबोटीतसुद्धा मळमळतं मला.
तरी बावीस वर्षं समुद्र विकतोय,
जीएसटी वेगळा.

डेकचा नकाशा टेबलावर पसरला
की माणसांचं बोट आपोआप वर सरकतं:
बाल्कनी, नाहीतर निदान खिडकी,
लिफ्टजवळ, इंजिनापासून लांब.
घोडबंदरची मंडळी आधी जैन जेवणाचं विचारतात,
नवी जोडपी केकचं.
माझी उत्तरं पाठ आहेत.

शालन पिलणकर आल्या त्या शनिवारी,
मी डबा उघडायच्या बेतात असताना.
"लक्षद्वीपची, चार रात्रींची. एकटीच आहे."
मी सुरू केलं: तरणतलाव, जादूचे प्रयोग,
चोवीस तास खाणं...
त्यांनी चष्मा लावला आणि बोट खाली नेलं, आणखी खाली,
नकाशातले रंग संपतात तिथे,
राखाडी चौकटींच्या रांगेवर.
"यातली द्या. मशीनच्या जवळची."

काकू, तिथे खिडकी नाही.
"नको."
रात्रभर घरघर असते, पलंग थरथरतो.
"थरथरतो ना नक्की?"

मग बोलल्या, नकाशाकडेच बघत.
मिस्टर ऑइलर होते मालवाहू बोटीवर, तीस वर्षं.
साहेबांच्या बायका जायच्या सोबत, ऑइलरच्या नाही.
पत्रात बंदरांची नावं बदलायची, एक ओळ ठरलेली:
पाण्याच्या खाली झोपतो, बरा आहे.
सुट्टीवर आले की डोळा लागायचा नाही,
घर फार गप्प आहे म्हणायचे.
म्हणून कळव्यात खोली घेतली ती पिठाच्या गिरणीच्या वर.
"लोक तिथे भाडं कमी करून मागायचे,
आम्ही पागडी जास्त दिली."
पट्टा फिरायला लागला की हा माणूस भर दुपारी घोरायचा.
ज्वारी लागलीय की डाळ,
मलाही जमिनीवर आडवं पडून कळायला लागलं.
रात्री गिरणी बंद, आणि हे टक्क जागे.

"आता मुलाने माजिवड्याला आणलंय. चौदावा मजला.
काचा ओढल्या की काही म्हणजे काही ऐकू येत नाही.
सहा वर्षं झाली त्यांना जाऊन."

मी डब्याचं झाकण लावलं.
मग धंद्याचं बोललो, बोलावं लागतं:
दर दोघांच्या खोलीचा असतो, काकू,
एकटं माणूस गेलं तरी दुसऱ्याचे पैसे पडतात.
"म्हणजे खाटा दोन असतील?"
असतील.
"मग बरोबर आहे," म्हणाल्या, आणि चेक लिहिला,
अक्षरी रक्कम सावकाश, 'फक्त'च्या खाली दोन रेघा.

फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, विशेष विनंतीचा.
तिथे मी व्हीलचेअर लिहिलीय, लग्नाचा वाढदिवस लिहिलाय,
'आवाजापासून दूर' तर शेकडो वेळा.
हात सवयीने तेच लिहून गेला.
खोडलं. 'आवाजाजवळ' लिहिलं.
कंपनीतून एका पोरीचे तीन फोन आले:
सर, लिहिताना चूक झालीय का?
त्या केबिनच्या तक्रारी येतात, सर.
वरची देऊ का, त्याच पैशांत?
म्हटलं, तीच दे.

परतल्यावर आल्या, बॅगांचे लाल टॅग परत करायला.
ते परत करायचे नसतात.
स्टीलच्या डब्यात नारळाच्या वड्या, थोड्या करपलेल्या.
झोप लागली का, विचारणार होतो,
पण वागळे इस्टेटच्या एका कारखान्याची
चाळीस जणांची तिकिटं प्रिंटरला लावली होती,
आणि तो प्रिंटर म्हातारा, टेबलासकट हलतो.
वर बघितलं तर त्या खुर्चीत डोळे मिटून,
चष्मा मांडीवर, मान एका बाजूला.

शेवटचं पान बाहेर आलं.
मी पुन्हा पहिल्या पानापासून प्रिंट दिली.