दिसणाऱ्या पायऱ्या

दुसरीच्या वर्गाला एकच टॅब्लेट,
कोपऱ्यात तडा, पाठीवर देणगीदाराचं नाव.
त्यात पाच सफरचंदं येतात,
दोन फट् करून फुटतात,
आणि गोड आवाज विचारतो, किती उरली?
तीन, म्हणाला सगळा वर्ग.
मिस्बाह बागवान म्हणाली,
"पर ती दोन कुणी न्हेली? पैसं दिलं काय?"
तिच्या अब्बांचा गाडा गंगावेशीत असतो.
तिथं सफरचंद असं हवेत जात नाही,
खपतं, नाहीतर नासतं,
नाहीतर डाग कापून तिच्या डब्यात येतं.
मी म्हटलं, टॅब्लेटला एवढं कळत नाही गं.
"मग त्याला सांगा की."

दुसऱ्या दिवशी सगळे घाटावर गेलो.
खाली नाही, वरच्या कठड्यापाशी, हातात हात.
पाण्यापर्यंत पायऱ्या किती, मोजा.
एकतीस निघाल्या. प्रणिलच्या तेहतीस,
तो दोन तुटक्याही धरत होता.
भांडण बरंच चाललं.
शेवटी तुटकी पायरीही पायरीच, असं ठरलं.
रोज एक फोटो काढायचा,
त्याच दगडावरून, त्याच उंचीवरून,
म्हणजे ओवी घोडकेच्या डोक्यावर टॅब्लेट टेकवून.

तेहतीस.
एकोणतीस.
बावीस.

फळ्यावर तेहतीस वजा एकोणतीस.
तिनातून नऊ जात नाहीत,
शेजारच्या दशकाकडून एक उसना घ्या.
म्हणजे नदीनं चार पायऱ्या नेल्या.
"न्हेल्या न्हाईत, बाई," प्रणिल म्हणाला,
"हायत की खाली. पाणी पांघरून बसल्यात."

एकोणीस वर्षं वजाबाकी शिकवते मी.
गेले, उडाले, खाल्ले, हरवले,
एवढीच क्रियापदं होती माझ्याकडं.

मग कुणीतरी विचारलं,
एकोणतिसात 'तीस' कशाला आलाय, अजून झालेला नसताना?
एक उणा आहे ना, म्हणून.
हर्षल गवळी पहाटे बापाबरोबर कट्ट्यावर माप धरतो.
तो मागच्या बाकावरून म्हणाला,
"मग पाऊण लिटर बी तसलंच. पाव उणा."
त्या दिवशी पुस्तकातलं पान राहूनच गेलं.

पुढं पुलाची मच्छिंद्री झाली.
शाळेला सुट्टी, वर्गात चिखलीची माणसं,
आमच्या बाकांवर त्यांची गाठोडी,
फळ्यावर आमची अर्धी वजाबाकी तशीच.
शाळा भरली तेव्हा सव्वीसांतले एकोणीस.
हजेरीच्या अ‍ॅपमध्ये लाल बटण दाबायचं, सात वेळा.
गैरहजर. गैरहजर.
मिस्बाह खांद्यावरून बघत होती.
"प्रणिल गारगोटीला हाय, आत्याकडं. तसं लिवा की."
तिथं तसं लिहायला जागा नाही.
मग तिनं टॅब्लेट घेतला,
फोटोंवरून बोट उलटं फिरवलं:
बावीस, एकोणतीस, तेहतीस.
पाणी उतरत गेलं काचेखाली.
"ही बघा बाई, बेरीज झाली."

सोमवारी प्रणिल आला, भावाच्या ढगळ गणवेशात.
मंगळवारी आणखी तिघं, मग दोघं.
पंचवीस.
ओवीच्या वडिलांनी इचलकरंजीत खोली घेतली म्हणे.
दाखला न्यायला अजून कुणी आलेलं नाही,
म्हणून मीही नाव खोडलेलं नाही.

घाटावर गाळ होता, घोट्याएवढा.
चौतीस भरल्या, बघा बघा, चौतीस!
खालची एक हिरवीगार, पहिल्यांदाच दिसलेली.
फोटो काढायचा तर टॅब्लेट टेकवायला
त्या उंचीचं डोकं वर्गात दुसरं नव्हतं.
हर्षल बुटका. प्रणिल फार हलतो.
मिस्बाह चार बोटं उंच.
ती दगडावर आली, गुडघे वाकवले,
भावाकडं मोजून घेतलं तसं अंदाजानं थोडं आणखी वाकली,
आणि ओरडली,
"आता काढा बाई, लवकर, पाय दुखाय लागलेत."