कंटिन्युइटी

मढच्या बंगल्यात रात्रपाळी.
मेकअप रूम म्हणजे मागचं न्हाणीघर,
टबावर फळी, फळीवर आरसा,
आरशात शार्दूल गव्हाणकर, मूळचा चाळीसगावचा.
आज एकशेतेराव्या भागात
तो लांडगा होणार आहे.

माझं काम केसांचं.
याकचे केस, किलोवर येतात.
गोंदाचा हात, मग चिमट्याने एकेक ओळ
हनुवटीपासून वर,
कौलं चढवतात तशी.

टप्पे पाच.
दिग्दर्शक म्हणतो, तिसरा उरक पटकन,
तिथे आपण चंद्र दाखवतोय.
नेहमी तिथेच चंद्र दाखवतात.
माणूस पुरता गेलेला नसतो,
जनावर पुरतं आलेलं नसतं,
तेवढ्यात ढग सरकतात
आणि परत येऊन बघावं तर सगळं आटोपलेलं.
लोकांना ते बघवत नाही
की यांना दाखवता येत नाही,
तेवीस वर्षांत मला काही कळलेलं नाही.

आमच्या भाटीत भुतं अशी नव्हती.
गिऱ्हा पहिल्यापासून गिऱ्हाच,
हडळीचे पाय मुळातच उलटे.
अंगात यायचं ते बाहेरून यायचं,
नारळ-लिंबू घेऊन निघूनही जायचं.
काकी घुमून झाली की केस बांधायची
आणि विचारायची, भात उतरवला का गं?
आतलंच काही बाहेर येतं, हे मी इथे शिकले,
शिफ्टचे सहाशे असताना.

गेल्या गणपतीत पाळी थांबली ती थांबलीच.
शिमग्याला, डाव्या बाजूला, हनुवटीवर
एक केस.
काळा, याकपेक्षा राठ.
आणि त्याला गोंद नव्हता.
उपटला. आला.
उपटला. भाऊ घेऊन आला.
सून म्हणाली, लेझर करतात हल्ली, आई.
नवऱ्याला दिसला नाही,
तो उजव्या बाजूला झोपतो.
रात्री अंगाची काहिली झाली की
मी ओट्यावर जाऊन बसायचे,
समोर वाळत घातलेली जाळी,
वर चंद्र.
तो काही सरकला नाही.

चौथ्या टप्प्यावर शार्दूलच्या आईचा फोन.
व्हिडिओवर.
सुळे आडवे येत होते, त्याला बोलता येईना.
तिने बराच वेळ बघितलं.
म्हणाली, बारीक झालास.

झेलम प्रत्येक शॉटआधी फोटो काढते.
काल भुवईखाली तीन केस होते मावशी, आज चार.
काढ एक.
काल होतं तेच आज हवं,
नाहीतर लोक म्हणतील, हा तो नव्हेच.
मी काढते. पोरीची नोकरी आहे.
पण माझे फोटो कुणी असे जुळवायला घेतले तर?
परकराचा काष्टा घालून बोंबील टांगणारी ती,
आणि चष्मा पुसत लांडग्याची मिशी विंचरणारी ही.
मध्ये कुठेतरी कापलंय.
कुठे, ते मलाही दाखवलं नाही कुणी.

आज दिग्दर्शकाला म्हटलं,
तिसरा टप्पा मी नीट करते, तासभर द्या.
तो घड्याळाकडे बघून हसला. अर्धा दिला.
मी आरशात आधी माझ्याकडे बघितलं,
मग शार्दूलच्या गालावर केस लावले,
विरळ, वेडेवाकडे,
त्यांनाच अजून ठरवता न आल्यासारखे.
तो म्हणाला, मावशी, हे जरा खाजतंय.
म्हटलं, खाजणारच.

शॉट झाला. वापरतील का, देव जाणे.

पहाटे चारला उतरवणं.
हे कुणी शूट करत नाही.
स्पिरिटचा बोळा हातात घेतला तर म्हणाला,
राहू दे थोडा वेळ, चहा पिऊ आधी.
दोघं मागच्या पायरीवर बसलो.
पंजात कागदी कप मावत नव्हता,
मी धरला.
वाडीतली कुत्री आली.
त्याला हुंगलं, शेपूट हलवली.
मग मला हुंगलं,
जरा जास्त वेळ.