सुकतीचं मैदान

कोल्हापुरात फुटबॉल शोधावा लागत नाही.
पेठेत राहायला गेलात की तोच
काच फोडून घरात येतो.
मागोमाग तालमीची चार पोरं, माफी मागायला,
आणि त्यातलंच एक विचारतं,
काकी, घरात कोण खेळणारं हाय का?

देवगडात तसं काही झालं नाही.
जूनमध्ये ग्रामीण रुग्णालयाच्या लॅबला रुजू झाले.
भाड्याच्या खोल्यांत सामान लागलं.
रेणूचे ग्लोव्हज तेवढे खिळ्याला,
शिक्षा झाल्यासारखे भिंतीकडे तोंड करून.

विचारत सुटले.
शाळेतले सर म्हणाले, कबड्डी आहे, खो-खो आहे,
मुलींचं लेझीम तर तालुक्यात पहिलं.
दुकानात टेनिसचे चेंडू डझनावारी,
आणि छताला जाळीत एक फुटबॉल,
हवा गेलेला, पिचक्या भोपळ्यासारखा.
तो विकायचा नाही. जावयाचा आहे.
स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, क्रिकेट सांगा,
लाइटीतल्या मॅची, पहिलं बक्षीस बोकड.

रेणू खोलीतच चेंडू मारायची.
खालच्या पारकरकाकू
झाडूच्या दांड्याने छत ठोकायच्या.
तेवढाच पास परत यायचा.

सप्टेंबरात मलेरियाच्या तपासणीला एक मुलगा आला.
बारा-तेराचा. अंगात ताप, पायात लांब मोजे.
बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर पसरला,
आणि मोज्यातून काहीतरी टण्‌कन फरशीवर पडलं:
उभा चिरलेला पीव्हीसी पाइप, वीतभर,
कडा मेणबत्तीवर धरून गोल केलेल्या.
मी तो उचलला. स्वतःच्या नडगीला लावून पाहिला.
बरोबर बसला.
कुठं खेळतोस रे?
“सुकतेर.”
सुकती हे गाव असेल असं मला वाटलं.
रात्री नकाशात शोधलं.

लवू तारी बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढतो.
कधीकाळी गोव्यात खेळला. गुडघा तिकडेच राहिला.
म्हणाला, “मैदान दिसाक दोनदा येता नि जाता.
आमी तेच्या वेळार जातो.
तिजेक सकाळी आठाक, चौदशीक सांजचे पाच.
अष्टमीक सुट्टी. त्या दिसा दर्या खेळता.”
मुलगी आहे, म्हटलं.
“मगे? बॉलाक काय ठावक, कोण मारता तां?”
आणि फी?
“येताना कळशीभर गोडा पाणी. बॉल धुवूक.”

चौदशीला गेलो, कळशी घेऊन.
पवनचक्क्यांच्या डोंगराखाली ओली, घट्ट वाळू,
टाचेने ओढलेल्या रेषा,
जाळ्याच्या बांबूंचे गोल.
अठरा पोरं, बुटांचे जोड तीन.
चेंडू दर्यात गेला तर मारणाऱ्याने आणायचा.
लाटेने आपणहून परत दिला, तर खेळ चालू.
तापातून उठलेला जुनैद डाव्या बाजूला.
रेणूला कुणी नाव विचारलं नाही.
तिने ग्लोव्हज चढवले, बांबूंमध्ये उभी राहिली,
आणि पहिलाच चेंडू, ओला, जड,
हातांतून निसटून आत.
कुणी हसलं नाही.
जुनैद जाता जाता म्हणाला, “वाळू लाव.”

आता लॅबच्या वहीत
तारखेशेजारी मी बारीक अक्षरात तिथी लिहिते.
डॉक्टर विचारतात, उपास धरलेत का?
हो म्हणते. सांगत बसायला वेळ कुठाय.

परवा माझा भाऊ आला कोल्हापूरहून.
क्लब बघूया की, म्हणाला. नेमकी अष्टमी.
संध्याकाळी बंधाऱ्यावर नेलं. पाणी पायऱ्यांपर्यंत.
मैदान कुठाय?
रेणूने बोट केलं: ती लाट फुटते ना,
तिथं पेनल्टी बॉक्स.
मामा बराच वेळ त्या लाटेकडे बघत राहिला,
पेठेतला माणूस, डोळे बारीक करून,
मग विचारलं, आणि तुझा गोल?
तिथून एक होडी चालली होती, दोन माणसं, वल्ही वर.
रेणू म्हणाली,
ऑफसाइड आहेत.