गळती

बाबालाल शिकलगार म्हणाला, चेसिसला वेल्डिंग मारायचं नाही,
चेसिस म्हंजे गाडीचा कणा, त्याला चटका सोसत नाही,
भोक पाडू, बोल्ट कसू.
आणि उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये
माझ्या पिकअपखाली तो असा सरकला
जसा माणूस आपल्याच अंथरुणात शिरतो.

टाकी भंगारातली, कुठल्यातरी मेलेल्या लॉरीची.
घासल्यावर निळ्याखाली हिरवा निघाला,
हिरव्याखाली अर्धं नाव: '...प्रसन्न'.
कोण प्रसन्न, ते गंजानं खाल्लेलं.

कॉम्प्रेसर मात्र नवा, बारा व्होल्टचा, सोललेल्या नारळाएवढा.
खोका वैजयंतानं कपाटावर ठेवला,
हप्ते फिटेपर्यंत टाकायचा नाही म्हणाली.

बॅटरीपासून करंगळीएवढी लाल वायर,
फ्यूज बॅटरीला चिकटून.
'लांब बसवलास तर आधी गाडी जळंल, मग फ्यूज.'
नळी स्टीलच्या जाळीची, कारण दाबलेली हवा तापते.
दाबलेलं काहीही तापतं, असलं काही बाबालाल बोलला नाही.
तो म्हणाला, हात लावू नको.

संध्याकाळी बटण दाबलं.
शेडभर घरघर. काटा वीस, चाळीस,
ऐंशीला चहा आला,
एकशे वीसला टक्
आणि एवढी शांतता की शेजारच्या लेथवरचं पोरगं
काय बिघडलं म्हणून वळून बघायला लागलं.
नाद खुळा, म्हणाला बाबालाल, आणि बिडी पेटवली.

सकाळी काटा सत्तरवर.

जोडाजोडाला फेस लावला,
तोही चंदनाच्या साबणाचा, धुण्याचा संपलेला.
निप्पल, टी, व्हॉल्व्ह, पुन्हा टेफलॉन, पुन्हा भरलं.
एक बुडबुडा येईना.
कान लावावा तर रस्त्यावरनं रिक्षा जाणार,
रिक्षा गेली की कुत्रं.
तीन दिवस. सत्तर. अडुसष्ट. एकाहत्तर.
कारखान्यांचं गळीत तोंडावर,
टायर भरून देतो म्हणून चार गावांत सांगून बसलेला मी,
आणि माझ्याच गाडीला गळती.

चौथ्या दिवशी आप्पा उठले.
शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं फेटलिंगला,
ग्राइंडरनं दोन्ही कान नेले.
त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, सांगून ऐकू येणार नव्हतं,
तीन दिवस नुसतं माझं तोंड बघत होते.
टोपी काढून बॉनेटवर ठेवली,
तांब्यात बोटं बुडवून गालावरनं फिरवली
आणि ओला गाल घेऊन गाडीखाली गेले.

नळीच्या कडेकडेनं गाल सरकत राहिला,
तान्ह्याचा ताप बघावा तसा. जोडावर थांबेना.
थांबला टाकीवर, ब्रॅकेटच्या पाठीमागं,
साबणाचा हात जिथं पोचला नव्हता.
'हितं.'
मोठ्यानं म्हणाले, ते सगळंच मोठ्यानं म्हणतात.
'पिनहोल. आमच्यात ह्याला पगार कापायचे.'

बुजवू या का, मी विचारलं.
बाबालालनं पाना खाली ठेवला.
'एकशे वीस पौंडावर बसून झोप लागंल तुला?'
मग दुसरी टाकी, दुसरा हप्ता,
कपाटावर दुसरा खोका.
'...प्रसन्न' पुन्हा भंगारात गेला,
ह्या वेळी त्याच्या पोटात मी खिळ्यानं भोक पाडून दिलं,
परत कुणाच्या गाडीखाली जायला नको.

नव्या टाकीवर रात्र गेली: एकशे अठरा.
दोन पौंड कुणाचेही जातात.

कळ्याच्या पुढं, साडेअकराच्या सुमाराला,
पहिलं गिऱ्हाईक भेटलं: उसाची ट्रॉली, एका कुशीला झुकलेली,
ड्रायव्हर मोळीला टेकून मिसरी लावत बसलेला.
आप्पा हट्टानं आलेले, केबिनमध्ये, मफलर गुंडाळून.
मी व्हॉल्व्हला नळी लावली, बटण दाबलं.
ट्रॉलीचं टायर मोठं, आमची हवा थोडी;
भरता भरता ड्रायव्हरची मिसरी संपली,
चुळा भरून झाल्या, घरची चौकशी झाली.

आप्पांनी तळवा दारावर ठेवला होता, आतनं, सपाट.
मी काटा बघायला टॉर्च शोधत होतो,
सीटखाली, पोत्याखाली, खिशात,
तेवढ्यात त्यांनी हात उचलला.
'झालं,' म्हणाले.