खूण वेगळी, मजकूर वेगळा

अपडेट मीच चालवला.
सोमवारी, गिमलीच्या नगर कचेरीत,
बाहेर उणे एकतीस, आत हीटरची खरखर.
‘पुढे’ दाबलं, पुन्हा ‘पुढे’, झालं.

ऑडनीबाईंनी दफनभूमीची नोंदवही उघडली
आणि सवयीनं सेव्ह केली.
अकराशे चौदा नोंदी. एक काना हलला नव्हता.
फक्त शब्दांना आठवेना आपण कोण.
तारखा होत्या: जन्माची कोणती, पुरल्याची कोणती?
नावं होती: मेला कोण, कळवायला आला कोण?
शुक्रवारपर्यंत नावावर बाण नेला
की फिकट गुलाबी चौकट उमटायची:
मृत. साक्षीदार. प्लॉट.
आता नुसता मजकूर,
पाट्या उपटून नेलेल्या गल्लीसारखा.

“कुणी केलं?”
टेक्सासातल्या एका कोर्टानं, मी म्हणालो.
दोन कंपन्या भांडल्या.
खूण मजकुरातून काढून वेगळ्या जागी ठेवायची,
ही युक्ती आधी कुणाला सुचली, यावर.
जी हरली तिनं ती सोयच काढून घेतली
सगळ्यांच्या यंत्रांतून.
“आणि जी जिंकली?”
तिलाही गिमली ठाऊक नसणार, बाई.

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
“एकोणीसशे त्रेसष्टवर जा. हाल्डोर. आमचे बाबा.
मार्चमध्ये गाडी बर्फातून खाली गेली, जाळ्यांसकट.
दगड इथे, सत्तावीस नंबरला.
बाबा तळ्यात.
खूण वेगळी, मजकूर वेगळा.
रॉयल्टी कुणाला भरायची ते विचार तुझ्या कोर्टाला.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

जुनी आवृत्ती परत टाकून पाहिली.
पुसलेलं पुसलेलंच राहिलं.
माझ्या बिलाचा साचाही त्याच घडणीचा निघाला:
तास कुठले, डॉलर कुठले,
मलाच सांगता येईना.
शेवटी हातानं लिहिलं, आणि अर्धंच लावलं.

बुधवारी केबल विसरली म्हणून परत गेलो.
टेबलावर छापलेल्या पानांची चळत, लाल पेन्सिल, निळी पेन्सिल,
ऑडनीबाई फोनवर:
“तुमच्या नोंदीत दोन सिग्रीड आहेत.
माफ करा, पण विचारायलाच हवं,
त्यातली गेली कोणती?”

पलीकडे कुणी खुर्ची ओढल्याचा आवाज.
मग, अगदी हळू,
“मी दुसरी.”