कॅचरच्या मागची जागा

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप,
खाली मेणकापड, त्यावर आमटीचा जुना डाग.
पडद्यावर उघडलेल्या पंख्यासारखं स्टेडियम:
निळे ठिपके शिल्लक, करडे गेलेले.
मिलवॉकीत सकाळचे दहा, परळला रात्रीचे साडेआठ,
आणि उन्मेष तिकडून समजावतोय,
"आई, वरच्या मजल्यावर घेऊ. सगळं दिसतं. स्वस्तही पडतं."
आई चष्मा कपाळावर सरकवते.
"मला सगळं नाही बघायचं.
मला कॅचरच्या मागे बसव."

तिथलं तिकीट एकशे ऐंशी डॉलर.
मी मनात गुणाकार करते. ती करत नाही.
बत्तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत
दुसऱ्यांच्या पैशांचे गुणाकार करून झालेत तिचे.
"आवाज तिथेच येतो," एवढंच म्हणते.

कुठला आवाज, हे उन्मेषला ठाऊक नाही.
मलाही गेल्या महिन्यापर्यंत नव्हतं.

नायगावचं मैदान, शहात्तर साल,
कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीममध्ये नऊ मुली, पाच ग्लोव्ह.
कॅचरचा आतून फाटलेला,
त्यात उशीतला कापूस कोंबलेला.
दोन दोन तास उकिडवं बसायचं.
आजोबा म्हणायचे, मुलीच्या जातीनं असं बसतात का चारचौघांत?
ही म्हणायची, धुणं धुताना बसतेच की.

हे मला कळलं ते वांद्र्याच्या काचेच्या इमारतीत,
व्हिसासाठी बोटांचे ठसे देताना.
"चार बोटं सपाट ठेवा, आजी."
यंत्र लाल झालं. पुन्हा लाल.
"करंगळीशेजारचं जरा दाबा."
"ते दबत नाही. शहात्तर सालापासून तसंच आहे."
"अपघात?"
"नाही. फाउल टिप."
पोराने गंभीरपणे मान हलवली,
जणू या नावाचं काहीतरी दुखणं असतं,
आणि त्याच्या घरातही कुणाला तरी आहे.

टॅक्सीत मी ते बोट पहिल्यांदा हातात घेऊन पाहिलं.
याच बोटाने तिने मला बाराखडी गिरवायला लावली असणार,
याच बोटाने चपातीचे काठ दाबलेत,
आणि मी चाळीस वर्षं समजत होते की
संधिवात आहे.

आता रोज रात्री बेत.
पिशवी पारदर्शकच लागते म्हणे, आतलं दिसलं पाहिजे,
तर शालू ज्यात आला त्या चेनच्या कव्हराला
तिने दोन पट्टे शिवलेत.
आत रक्तदाबाच्या गोळ्या, रुमाल, लिमलेट.
"पाऊस आला तर?"
"छप्पर सरकतं, आई. बंद होतं."
"अख्खं?"
"अख्खं."
हे तिने फार मनावर घेतलं नाही.
पायऱ्या किती, हे मात्र दोनदा विचारलं,
आणि गुडघ्याचा पट्टा वहीत सगळ्यात वर लिहिला.

काल तिकीट काढलं. ओळ नववी, खुर्ची चौदा.
फोन ठेवता ठेवता उन्मेष म्हणाला,
"जाळीवरून बॉल आपल्याकडे आला ना,
तर तो आपला. घरी न्यायचा."

आई गप्प.
मग, "परत नाही द्यायचा?"
"नाही."
"मग पुढे कशाने खेळतात?"
"दुसरा काढतात. ढीग असतो त्यांच्याकडे."

तिने वही मिटली.
त्यांचा एकच बॉल होता. एका संध्याकाळी तो
मैदानामागच्या गटारात गेला.
पिचर शालन, हिराबाईंची लीला, ही,
नऊच्या नऊ मुली गुडघाभर घाणीत,
रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत, नंतर त्या दिव्यांच्या उजेडात.
"मिळाला?" मी विचारलं.

तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला.
चार बोटं. त्यातलं एक आपल्याच वाटेने निघालेलं.
"मिळाला ना," म्हणाली,
"फुगला होता पण.
त्यानंतर कधी नीट वाजला नाही."